आक्काच्या बाजूचे टाके

आमच्या गोधडी मंडळात मी चार वर्षं होते. त्यातलं एक अख्खं वर्ष माझं काम शिवायचं कमी आणि उसवायचं जास्त होतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर मी आजवर विषय बदलत आले. आता आमच्यातल्या बऱ्याच जणी गावात राहिलेल्या नाहीत, मीही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी संगमनेरहून शेवगाव तालुक्यातल्या एका गावात आले. नवरा पंचायत समितीत कारकून. सकाळी तो लुना काढून तालुक्याला गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि सासूबाई. प्रवरेच्या काठी वाढलेली मी इथे टँकरमागे हंडा घेऊन पळायला शिकले. मी बी. ए. होते, याचा गावात कुणाला काही उपयोग नव्हता, मलाही नव्हता. दुपारी सासूबाई घोरायला लागल्या की मी कॅलेंडरवरचे सणवार पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. अशाच एका दुपारी बालवाडीच्या बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "जुनं लुगडं आहे का एखादं? आणि रिकामे हात?"

या बाई बौद्ध वस्तीतल्या. वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली होती, तिथे त्या सकाळी बालवाडी चालवत. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव घराला कुलूप लावून ऊसतोडीला जायचं. मुली शिकणाऱ्या असतील तर त्यांना शेवगावच्या वसतिगृहात ठेवायचे. तिथे एका मुलीला एक सतरंजी आणि एक चादर मिळे. बाईंवर एकदा थंडीच्या दिवसांत तिथे मुक्कामाची वेळ आली, तर मुली दोघी-दोघी एका चादरीत, दप्तरं पायांवर घेऊन झोपलेल्या. परत आल्या आणि त्यांनी मंडळ काढलं. नोंदणी नाही, बोर्ड नाही, अध्यक्ष नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारी पोरं घरी गेली की खोली झाडायची आणि गोधडी मांडून बसायचं. वर्षाला दहा-बारा गोधड्या व्हायच्या, त्या दिवाळीच्या सुमाराला शेवगावला पोचवायच्या.

अध्यक्ष नव्हता म्हटलं खरं, पण आक्का होती. साठीतली, उंच, हाडापेराने मजबूत बाई. घरचं चांगलं, विहिरीला पाणी असलेलं रान, दोन मुलगे, दोन सुना. नवरा वारल्यावर मुलांनी वाटण्या केल्या तेव्हा तिने स्वतःला एक पत्र्याची पेटी आणि सुईदोऱ्याचा डबा तेवढा मागून घेतला होता. घरात आता चूल सुनेची, दुभतं सुनेचं, व्यवहार मुलाचा. गोधडीपाशी मात्र तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तोंडावर आम्ही सगळ्या तिला तुम्ही म्हणायचो. पाठीमागे ती 'ती'च होती.

मंडळ सुरू झालं तेव्हा गावातल्या काही जणी पाण्याचा तांब्या घरून घेऊन यायच्या. कारण कुणी बोलत नसे, सगळ्यांना ठाऊक होतं. आक्काने पहिल्याच दिवशी बाईंच्या माठातलं पाणी मागून घेतलं, प्यायली, आणि आणखी अर्धा पेला मागितला. महिन्याभरात तांबे यायचे बंद झाले. यावर तिने कधी भाषण दिलं नाही, तिला भाषणं जमतही नव्हती. तिला जमायचं ते खडसावणं.

माझ्या वाट्याला ते पहिल्याच दिवशी आलं. मी तासभर मान मोडून एक रेघ घातली होती. आक्काने वाकून पाहिलं.

"ह्ये टाके हायेत का म्हशीची पावलं?"

सगळ्या हसल्या. तिने माझ्या हातातून सुई घेतली आणि सगळ्यांच्या देखत माझी रेघ उसवली. सुईचं मागचं टोक टाक्याखाली घालून, अलगद उचलत, दोरा कुठेही न तोडता. मग तोच दोरा परत ओवून माझ्या हातात दिला.

"बग संगमनेरवाले, गाठ मारायची न्हाई. पयला टाका उलटा घालायचा, दोरा आपुआप धरतो. गाठ निजनाऱ्याच्या अंगाला टोचती."

घरी येऊन मी तिला मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बुधवारी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण कॅलेंडर वाचण्यापेक्षा बोलणी खाणं बरं वाटलं आणि मी गेले.

गोधडीचं काम असं चालायचं. खाली अख्खं लुगडं अंथरायचं, मध्ये जुन्या धडप्यांचे थर, वर दुसरं लुगडं, नसेल तर तुकडे जोडून केलेलं कापड. चार कोपऱ्यांवर दगड. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर धरायचं आणि मग चौघींनी चार बाजूंना बसायचं. बाकीच्या तुकडे कापायच्या, दोरे ओवायच्या, पाळी येईल तेव्हा बसायच्या. प्रत्येकीने आपल्या बाजूने कडेपासून आत रेघा घालत यायचं, दोन रेघांत एक बोट अंतर. कोपऱ्यात आपली रेघ शेजारणीच्या रेघेला मिळाली पाहिजे. त्या काळात गावात सुती लुगडी कमी होत चालली होती आणि टेरिकॉटच्या, नायलॉनच्या साड्या चवडीने यायच्या. आक्का त्या बाजूला फेकायची. "ह्यात सुई सरकती आन् घाम साचतो. पोरी काय चिकटून मरायच्यात?"

आक्काची बाजू दाराकडची, उजेडाची. तिच्या शेजारची बाजू माझी. मला तिथे का बसवलं होतं हे उघड होतं, नजरेखाली ठेवायला. दोन वर्षांत माझा टाका सुधारला. तिने तसं कधी म्हटलं नाही. म्हशीचं नाव घेणं तेवढं बंद झालं, त्यावरून मी ओळखलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या रेघा कोपऱ्यात मिळेनाशा झाल्या. चूक माझीच असणार हे धरून मी माझी रेघ दोनदा उसवली. तिसऱ्यांदा नीट पाहिलं तर माझी सरळ होती. आक्काची रेघ कडेला सरळ निघायची, वीतभर पुढे गेली की खाली उतरायची, मध्येच दोन रेघा एकमेकींवर चढायच्या. टाके कुठे गव्हाएवढे, कुठे करंगळीएवढे. मग आणखी गोष्टी दिसायला लागल्या. ती सुई ओवायला दुसरीकडे द्यायची. "उजेड गेलाय," म्हणायची, आणि बाहेर भर दुपारचं ऊन डोळे दिपवत असायचं. बाईंच्या हातचा चहा घेताना तिचा हात कपाच्या शेजारून जायचा.

एका शनिवारी सगळ्या गेल्यावर बाई आणि मी दोघीच गोधडीपाशी उभ्या राहिलो. आक्काची बाजू बघवत नव्हती.

"सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

"सांगा ना मग."

"तुम्ही सांगा. मंडळ तुमचं."

"माझी नाही बाई छाती," बाई म्हणाल्या. "तिला घरात कोण विचारतं? इथं येते म्हणून ताठ चालते. इथनं उठवली तर बसेल कुठं?"

मग बाईंनीच तोड काढली. बालवाडीत उंदीर झालेत, असं सांगून अर्धी झालेली गोधडी मी माझ्या घरी ठेवायची. गुरुवारी आणि रविवारी दुपारी आक्काची बाजू उसवायची आणि परत शिवायची. तिला कळू द्यायचं नाही. बाकीच्या जणींना आपोआप कळलंच, आणि कुणीही तोंड उघडलं नाही. एरवी कुणाच्या घरात कोणती भाजी झाली हेसुद्धा ज्यांच्या पोटात राहत नसे, त्यांनी हे वर्षभर ठेवलं.

उसवायचं मला तिनेच शिकवलं होतं, त्यामुळे ते छान जमायचं. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटायची. मी तिच्यासारखा टाका घालायला लागले होते, आणि तो तिचाच म्हणून खपत होता. बुधवारी ती आपल्या बाजूवर हात फिरवून म्हणायची, "ब्येस," आणि ते ऐकून मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आपण एका म्हाताऱ्या बाईवर केवढे उपकार करतोय असंही वाटायचं. या वाटण्याची मला आज फार लाज वाटते.

पावसाळ्यात आरोग्य केंद्राच्या नर्सबाई यादी घेऊन बालवाडीत आल्या. मोतीबिंदूचं शिबिर होतं, तपासणी शेवगावला, ऑपरेशन नगरला, जायची-यायची सोय. त्यांनी आक्काकडे पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, "आक्का, तुमचं नाव लिहिते. डोळ्यात पांढरं दिसतंय."

आक्का तडकली. गोधडीचा काठ उचलून तिने नर्सबाईंच्या पुढे धरला.

"ह्ये बगा. ह्ये आंधळीचे टाके हायेत का? हायेत का, सांगा!"

नर्सबाईंनी वाकून टाके पाहिले. सरळ, गव्हाएवढे, एका बोटाच्या अंतराने. ते माझे होते. परवाच्या रविवारी घातलेले.

"छान आहेत," नर्सबाई म्हणाल्या.

"मग? माजे डोळे कापायला आलीया!"

मी माझ्या रेघेत मान घातली. समोर बाईंनी सुई धरून ठेवली होती, चालवत नव्हत्या. त्या क्षणी एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी झालं असतं. मी उघडायला हवं होतं, टाके माझे होते. नर्सबाईंनी यादीत दुसरी दोन नावं लिहिली, चहा घेतला आणि गेल्या.

आणि तरीही आम्ही तेच करत राहिलो. आता सांगायचं तर शिबिराचंही सांगावं लागणार होतं, म्हणून ते आणखी अवघड झालं होतं. दिवाळीच्या तोंडावर शेवटची गोधडी राहिली. माझ्याकडे माहेरची माणसं आलेली, फराळाचं पडलेलं. आक्काची बाजू मी उसवलीच नाही. तशीच घडी घातली, लाल काठ बाहेर येईल अशी, आणि बाईंना सांगितलं, झालं. ती गोधडी इतरांबरोबर शेवगावला गेली. म्हणजे मी आक्काला फसवत होते आणि शेवटी बाईंनाही फसवलं.

संक्रांतीनंतरच्या एका बुधवारी ते फुटलं. नवी गोधडी अर्धी झाली होती. आक्का आपल्या जागी बसली आणि नेहमीप्रमाणे मागची रेघ कुठे थांबली ते बोटांनी चाचपू लागली. बोट एका जागी थांबलं. पुढे गेलं, परत मागे आलं.

"गाठ कुनी मारली?"

घाईत मी गाठ मारली होती. वर्षभरात एकदा. कदाचित पुष्कळदा मारली असेल आणि तिच्या बोटाला तीच लागली असेल, मला माहीत नाही.

तिने सगळी बाजू कडेपर्यंत चाचपली, सावकाश.

"ह्यो टाका माजा न्हाई. कदीपासनं?"

"वर्ष झालं, आक्का," बाई म्हणाल्या.

"कोन करतंय?"

"मी," मी म्हणाले.

तिने तोंड माझ्याकडे वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे गेली. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तिला मी दिसत नाहीये.

"म्हंजी नर्सबाईला दावले ते बी तुजेच?"

"हो."

ती उठली. चौकटीला हात लावून पायरी उतरली आणि एकटी गेली. तिचं सुई रेटायचं अंगुस्तान, पितळेचं, बोटाच्या मापाने झिजलेलं, गोधडीवरच राहिलं.

तीन आठवडे ती आली नाही. तिची जागा कुणी घेतली नाही, गोधडीची दाराकडची बाजू तशीच मोकळी. शेवटी अंगुस्तान पदराला बांधून मी तिच्या घरी गेले. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी पाया पडले, रडलेही. तयारी करून आले होते, की आम्ही तुमच्या भल्यासाठीच केलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. तिने मला मध्येच थांबवलं.

"माजे टाके उसवले त्याचा राग न्हाई मला. वाकडे आसतील तर उसवायचेच. पन संगमनेरवाले, तुजे टाके म्या उसवले तवा कुटं उसवले हुते?"

"बालवाडीत."

"तुज्या म्होरं उसवले. समद्यांच्या म्होरं. तुला राग आला, तू शिकली. मला तुमी शिकू बी न्हाई दिलं."

मी अंगुस्तान तिच्या हातात ठेवलं. तिने ते बोटात घालून पाहिलं आणि विचारलं, "ते शिबिर परत हाय का?"

शिबिर नव्हतं. मग आम्हीच तिला एस.टी.ने नगरला नेलं. बाई, मी आणि तिचा धाकटा मुलगा. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, म्हणाले. उजवा आता गेला, मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला होता. "सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं," ते मुलाला म्हणाले. मुलगा खाली बघत होता, त्याला वाटलं दोष त्याचा. मी बाजूला उभी होते आणि बोलले नाही. बाहेर आल्यावर मात्र त्याला सगळं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "आईला म्हाईत हाय व्हय?" मी म्हटलं, माहीत आहे. तो पाण्याची बाटली आणायला गेला.

उन्हाळा लागता लागता आक्का बालवाडीत आली. डाव्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, त्यात डोळा बशीएवढा दिसायचा. पहिल्यांदा तिने आम्हा सगळ्यांना एकेक करून निरखलं. "लई वाळलीस गं," बाईंना म्हणाली. मला म्हणाली, "तुजं नाक येवढं मोटं हुतं व्हय?" आम्ही हसलो. मग ती म्हणाली, "गेल्या सालच्या गोधड्या बगायच्यात."

गोधड्या शेवगावला होत्या. मुलींच्या परीक्षा चालू होत्या, वसतिगृह अजून भरलेलं होतं. शनिवारी आम्ही तिघी गेलो. वॉर्डनबाईंना काय सांगावं कळेना, मग बाई म्हणाल्या, कसर लागली का ते बघायला आलोय. मुलींनी आपापल्या गोधड्या आणून हॉलमध्ये ठेवल्या. आक्का खाली बसली आणि एकेक गोधडी मांडीवर घेऊन आपली बाजू शोधू लागली. चष्मा कापडाला जवळजवळ टेकलेला. पहिली पाहिली, घडी घातली. दुसरी. तिसरी. प्रत्येक ठिकाणी माझे टाके. नीट पाहिलं तर शेजारी सुईची जुनी भोकं दिसत होती, तिने ती नखाने दाखवली. आठ गोधड्या झाल्या.

"वरीसभर शिवलं म्या," ती म्हणाली. "माजं काय बी न्हाई राहिलं व्हय?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या चवडीत लाल काठाची गोधडी नव्हती. मी वॉर्डनबाईंना विचारलं. आतून एक मुलगी ती पोटाशी धरून आली. परत न्यायला आल्या असं वाटून तिने मघाशी लपवून ठेवली होती. मी बाईंकडे न बघता सांगितलं, "ही मी उसवली नव्हती. कंटाळा केला होता." बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

आक्काने गोधडी उलगडली. रेघा कडेपासून सरळ निघाल्या होत्या, मग उतरल्या होत्या, एकमेकींवर चढल्या होत्या, एका जागी तर अंगठा जाईल एवढा टाका सुटला होता. तिने सगळी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"ही माजी," ती म्हणाली. "लईच बेकार शिवलीया."

"आजी, नेणार का ही?" मुलीने विचारलं.

"न्हाई गं. नीट करून देते. बस हितं."

तिने कमरेच्या पिशवीतून डबा काढला, सुई काढली, आणि ओवायला कुणाला न देता स्वतः ओवली. चार वेळा चुकली, आम्ही गप्प बसलो. मग दुसरी सुई काढून ती माझ्यापुढे धरली.

"घे. उसव."

"मी?"

"मग कोन? आता उसव. माज्या म्होरं."

मी तिच्या शेजारी बसले, सुईचं मागचं टोक तिच्या पहिल्या टाक्याखाली घातलं आणि उचललं. ती जवळून बघत होती. मी वीतभर उसवलं की ती मागून शिवत यायची, पहिला टाका उलटा, गाठ न मारता.